‘शाळा’ परत वाचली, या वेळी भाचीसोबत (आणि मधे आईने काडी टाकली)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू सरळ नाहीये. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’वर आता नवीन काय लिहिणार असं मलाही वाटलं होतं, २००४ ला मौज प्रकाशनाने काढलेलं पुस्तक, त्यावर नाटक झालं, सिनेमा झाला, सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुण्यात तर दर तिसऱ्या घरात कॉपी असेल आणि दर दुसऱ्या घरात ‘कुणीतरी नेली ती परत दिलीच नाही’ अशी कॉपी असेल. माझीही तशीच गेली. २००६ ला कॉलेजात असताना घेतलेली, मैत्रिणीने दोन दिवसांत देते म्हणून नेली, त्या मैत्रिणीचं लग्न झालं, मुलगा झाला, तो मुलगा आता सहावीत वगैरे असेल, पुस्तकाचा पत्ता नाही. असो.

यंदा मे महिन्यात भाची आली राहायला. नववी संपवून दहावीत जाणार, म्हणजे घरात ऑलरेडी ‘हे वर्ष महत्त्वाचं’ सुरू झालेलं, क्लासची फी भरून झालेली, आणि ती बिचारी शेवटचे पंधरा दिवस मोकळे म्हणून मावशीकडे. इंग्लिश मीडियम. मराठी वाचता येतं पण बोर्डाच्या पुस्तकाबाहेर काही वाचलेलं नाही. मला म्हणाली, मावशी लव्हस्टोरी दे काहीतरी, पण झाडाखाली गाणी म्हणणारी नको, खरी दे. मी म्हटलं आहे एक. मग आमची वरात अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुण्यातल्या पुस्तकांच्या दुकानांच्या एबीसीत. मे महिन्यात एबीसीत टू-व्हीलर लावायला जागा शोधणे हा एक वेगळा रिव्ह्यू होईल तो आत्ता नको. (आधी ऑनलाइन मागवलं होतं, ते आलं ते कोपरा चेपून, पहिल्या वीस पानांना कायमची घडी, परत पाठवलं. पुस्तक दुकानात जाऊन हातात घेऊनच घ्यावं या मताची मी आहेच, आता अजून झाले.) दुकानदार काकांनी मागे न बघता हात मागे नेला आणि बरोब्बर ‘शाळा’ काढलं. एवढी वर्षं होऊन पुस्तक हाताच्या अंतरावर ठेवतात म्हणजे अजून जातंय.

तर पुस्तक. ज्यांनी वाचलंच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात: मुकुंद जोशी, नववीतला मुलगा, वर्गातल्या शिरोडकरवर त्याचं प्रेम बसतं, प्रेम म्हणजे काय हे त्याला माहीत नाही, तिला तो आवडतो का हे माहीत नाही, आणि तीनशेच्या आसपास पानं हा मुलगा एवढ्याच दोन गोष्टींचा तपास करत असतो. सोबत सुऱ्या, चित्रे, फावड्या असे मित्र, एक अर्धवट बांधून पडलेली बिल्डिंग जिथे यांची संसद भरते, एक भन्नाट नरुमामा ज्याच्याशी हा मोकळा बोलू शकतो, आणि मागे आणीबाणी. बस. यात खून नाही, पळून जाणं नाही, कुणाला कॅन्सर नाही. तरी हातातून सुटत नाही.

का सुटत नाही ते मला पहिल्या वेळी कळलं नव्हतं, तेव्हा नुसती वाहून गेले होते. या वेळी कळलं. बोकीलांनी या पोराच्या डोक्यात मोठ्या माणसाला शिरूच दिलेलं नाही. आपल्याकडे शाळेच्या आठवणी लिहायच्या म्हटलं की पन्नाशीतले काका लिहितात, ‘आज मागे वळून बघताना’ वगैरे, आणि मग प्रत्येक गोष्टीवर आत्ताच्या शहाणपणाचं तूप. इथे तसलं काही नाही. चौदा वर्षांच्या मुलाला जेवढं दिसतं तेवढंच पानावर. शिरोडकरने आज बघितलं. बघितलं म्हणजे माझ्याकडे बघितलं की माझ्या मागे फळ्याकडे बघितलं. हसली. हसली म्हणजे मैत्रिणीच्या बोलण्यावर हसली का. एवढ्यावर त्याचा अख्खा दिवस जातो आणि आपलाही जातो. या वयाचं प्रेम नव्वद टक्के असा हिशेबच असतो, आणि तो हिशेब इतका बारीक मांडलेलं मराठीत दुसरं काही मी तरी वाचलेलं नाही.

भाषा तर काय बोलावं. पोरं बोलतात तशी पोरं बोलतात. लाईन देणं, आडनावाने हाका मारणं, मास्तरांना ठेवलेली नावं, सगळं कानाला खरं लागतं. ‘लाईन’ शब्द माझ्या भाचीला माहीत नव्हता, तिने विचारलं लाईन म्हणजे रांग का, मी म्हटलं एका अर्थाने हो. वाक्यं छोटी आहेत त्यामुळे इंग्लिश मीडियमवाल्यांनाही झेपतं, तिने पहिली चाळीस पानं अडखळत वाचली आणि मग सुसाट सुटली. मला फक्त मधूनमधून प्रश्न. तुकडी म्हणजे डिव्हिजन का? हो. आणि आणीबाणी म्हणजे? मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, इमर्जन्सी, म्हणजे हॉस्पिटलची? त्या दिवशी रात्री जेवताना तिला २५ जून १९७५ पासून सुरुवात करावी लागली, पेपरवर सेन्सॉर, न विचारता माणसं उचलणं, येरवडा जेल भरलेलं, मार्च १९७७ ला उठली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, पण या मुलाला तर काहीच फरक पडत नाहीये, त्याचं लक्ष शिरोडकरकडेच आहे.

हेच तर! पुस्तकातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तिने भात कालवता कालवता सांगून टाकली. देशात एवढं चाललंय, मोठी माणसं दबक्या आवाजात बोलतायत, आणि नववीतल्या मुलाच्या जगात ते लांब कुठेतरी लागलेल्या रेडिओसारखं आहे. पण ते नुसतं पडद्यामागचं सामान पण नाही. घरात बोलायची बंदी, शाळेत बोलायची बंदी, मुलीशी बोलायची बंदी, वर देशातपण बंदी. गप्प बसायचं हा तेव्हाचा नियमच. बोकील हे कुठे म्हणून दाखवत नाहीत, मी म्हणतेय, कारण मला राहवत नाही.

आता भांडणाकडे येते.

भाचीने पुस्तक चार दिवसांत संपवलं. मी विचारलं कसं वाटलं, म्हणाली छान आहे, खूप हसले, शेवटी पोटात काहीतरी झालं. मग जरा थांबून, पण मावशी, हा मुलगा तिच्या मागे मागे जातो ना, ती कुठे जाते कधी येते सगळं टिपून ठेवतो, हे क्रीपी नाहीये का? आमच्या शाळेत कुणी असं केलं तर काउन्सेलरकडे जाईल केस.

मी एकदम बचावाला उभी. अगं तो काळ वेगळा, फोन नव्हते, बोलायची सोय नव्हती, बघणं हेच बोलणं होतं, तो बिचारा काही वाईट करत नाही, उलट घाबरटच आहे. ती म्हणे हो, तो चांगला आहे हे मला माहितीये, कारण मी त्याच्या डोक्यात बसलीये. शिरोडकर कुठे बसलीये त्याच्या डोक्यात? तिला कसं कळणार तो चांगला आहे म्हणून? तिला काय वाटत होतं ते एकदा तरी लिहायचं ना.

यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. कारण वीस वर्षांची असताना मी हे पुस्तक शिरोडकर होऊन वाचलं होतं. मला ती व्हायचं होतं, कुणीतरी आपल्याला तीनशे पानं असं बघावं. आणि तेव्हा एकदाही डोक्यात आलं नाही की ती स्वतः जवळजवळ काही बोलतच नाही. आपण तिला बघतो पण ती काय बघतेय ते आपल्याला दिसत नाही. तिचं पहिलं नाव मला आत्ता झोपेतून उठवून विचारलं तर सांगता येणार नाही, शिरोडकर म्हणूनच डोक्यात बसलीये. वेण्या, चालणं, मान वळवणं, सगळं पाठ, आणि मुलगी मात्र रिकामी जागा, जिथे मी आरामात जाऊन बसले होते.

आता इथे माझी आई आली. आई बाजूला बसून शेंगा सोलत होती, ती ‘शाळा’ वाचलेल्यांपैकी नाही, तिचं मत की शाळकरी पोरांच्या चाळ्यांवर एवढं जाड पुस्तक कशाला. पण कान इकडेच. एकदम म्हणाली, पंचाहत्तर साल म्हणता ना? मी तेव्हा नववीतच होते.

म्हणजे बघा, मी दोन वेळा पुस्तक वाचलं, सिनेमा बघितला, आणि माझ्या घरात त्याच वर्षी त्याच इयत्तेत असलेली बाई बसलीये हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. दहावीची एसएससी तेव्हा नवीकोरी, १९७५ च्या मार्चमध्ये पहिली बॅच बसली, त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची. आई त्यांच्या मागून दोन वर्षांनी. मुकुंद जोशीची अगदी जोडीदारीण.

आईची शाळा फक्त मुलींची, लक्ष्मी रोडच्या बाजूला, घर नारायण पेठेत, जाणं-येणं चालत, पाच जणींचा घोळका. पत्र्या मारुतीच्या अलीकडे एक मुलगा सायकल टेकवून उभा असायचा. रोज. या पुढे गेल्या की तो सायकलवर मागून यायचा आणि पुढे जाताना तीन वेळा घंटी वाजवायचा, दोनदा नाही चारदा नाही, तीन वेळा, आणि निघून जायचा. वर्षभर. एक शब्द बोलला नाही. यांच्यात त्याचं नाव पडलं होतं ‘देवळातला’. भाची हसून हसून लोळायला लागली.

मग तिने विचारलं, आजी पण तो कुणासाठी यायचा तुमच्यातल्या? आई म्हणाली, ते आम्हाला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. कळत नाही होय. कोण कुठे उभा राहतो, कुणाची शाळा किती वाजता सुटते, कुणाचा भाऊ कुठल्या कोपऱ्यावर असतो, सगळं माहीत असायचं आम्हाला, त्यांना वाटायचं त्यांनाच माहितीये. (तो आईसाठी यायचा का हे तिने सांगितलं नाही. शेंगा सोलायचा स्पीड मात्र वाढला.)

तुला आवडायचा? हे मी विचारलं, भाचीने नाही, ती शहाणी आहे.

आईने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितेय. आवडायचा का ते माहीत नाही गं. पोटात गोळा यायचा. कुणी बघितलं आणि दादांना सांगितलं तर शाळा बंद, एवढंच डोक्यात. पण ज्या दिवशी सायकल नसायची त्या दिवशी आम्ही पाचही जणी एकदा तरी मागे वळून बघायचो.

दादा म्हणजे माझे आजोबा. तसे फार कडक नव्हते, पण शाळा बंद ही धमकी नव्हती तेव्हा, ती होऊ शकणारी गोष्ट होती, कारण त्या पाचातल्या एकीची झाली. तिच्या दप्तरात चिठ्ठी सापडली. चिठ्ठी मुलाने दिलेली, हिने उत्तरही दिलं नव्हतं, नुसती फाडून टाकली नाही एवढाच गुन्हा. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. गावाला काकांकडे पाठवली, दोन वर्षांत लग्न. आणि ज्याने चिठ्ठी दिली त्याचं काय झालं? आई म्हणाली, त्याचं काय होणार, दोन फटके बसले असतील घरी. पुढे बँकेत लागला.

जेवणाच्या टेबलावर जरा शांतता झाली.

मग मी परत पुस्तक उघडलं आणि सुऱ्या-केवडा प्रकरण पुन्हा वाचलं. (स्पॉयलर आहे पुढे, ज्यांना नको त्यांनी खाली जा.) सुऱ्या हा मित्रांमधला बेधडक गडी, त्याला केवडा आवडते, आणि जोशी जे नुसतं मनात करत बसतो ते हा प्रत्यक्षात करायला जातो, विचारतो, आणि त्याचं जे व्हायचं ते होतं, बोंबाबोंब, मार, प्रकरण शाळेपर्यंत. हा भाग बोकीलांनी जबरदस्त लिहिलाय, मजा मजा म्हणून चाललेल्या गोष्टीला एका झटक्यात कसं कडू वळण लागतं ते. आपल्याला सुऱ्याचं वाईट वाटतं, जोशीची भीती आपल्याही हातापायात उतरते. पण आईचं ऐकल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की केवड्याच्या घरी त्या रात्री काय झालं असेल ते पुस्तकात नाही. नसणारच, सांगणारा जोशी आहे, त्याला तिच्या घरात कोण शिरू देणार. पण माझ्या मनातही तो प्रश्न दोन वाचनांत आला नव्हता, याचं मला जास्त वाटलं.

मग हा पुस्तकातला दोष का? भाची म्हणते हो. मी दोन दिवस यावर डोकं लावलं, म्हणजे भांडी घासताना वगैरे, आणि माझं मत असं झालंय की नाही, दोष नाही, पण उणीव आहे, आणि ती उणीव खोटी भरून काढली असती तर पुस्तक बिघडलं असतं. चौदा वर्षांच्या मुलाला खरंच माहीत नसतं. त्याला वाटतं की आपण जीव टाकतोय आणि ती मजेत आहे, तिला काय, ती राणी. तिच्या दप्तराची झडती होऊ शकते हे त्याच्या गावी नसतं. बोकीलांनी जर मधेच जोशीला शहाणं केलं असतं, ‘तिच्यावर काय गुजरत असेल’ असं दोन परिच्छेद लिहून आपल्याला बरं वाटवलं असतं, तर तो जोशी राहिला नसता, समाजशास्त्र शिकलेले बोकील झाले असते. आणि मुलींच्या, बायकांच्या मनात काय चालतं हे त्यांना लिहिता येत नाही असंही नाही, ‘समुद्र’ वाचा, छोटी कादंबरी आहे, नवरा-बायकोची, तिथे बाई जे बोलते त्याने नवऱ्याची आणि वाचणाऱ्याची दोघांची झोप उडते. म्हणजे इथे त्यांनी जाणूनबुजून दार बंद ठेवलंय.

आणि हो, जोशी काही हिरो नाहीये हेही परत वाचताना फार जाणवलं. घाबरट आहे, मित्रांपुढे शायनिंग मारतो, खोटं बोलतो, घरात बहिणीवर डाफरतो, जिथे बोलायला पाहिजे तिथे तोंड शिवून बसतो. प्रेमात पडलेला मुलगा चांगलाच असतो असं आपल्याला सिनेमाने शिकवलंय. इथे तो फक्त प्रेमात पडलेला मुलगा असतो. मला २००६ ला तो गोड वाटला होता, आता मला तो अधूनमधून धरून हलवावासा वाटला, आणि तरी शेवटची पानं आली तेव्हा माझाच घसा दाटला, हा कसला न्याय.

शेवटाबद्दल जास्त सांगत नाही. ती जाते, एवढंच. कुठला मोठा सीन नाही. निरोप नाही. त्या वयात माणसं अशीच जातात, वडिलांची बदली होते आणि एक अख्खं जग ट्रकमध्ये भरून निघून जातं. भाची म्हणाली, एवढंच? फोन नंबर नाही, इन्स्टा नाही, काहीच नाही? मग त्याला कधीच कळणार नाही ती कुठे आहे? मी म्हटलं नाही. तिला हे पचायला वेळ लागला. तिच्या वर्गातल्या एकीला एकाने ब्लॉक केलंय आणि ती दुसऱ्या अकाउंटवरून रोज बघते तो काय टाकतो. मला वाटलं मुकुंद जोशी आणि ही मुलगी, पन्नास वर्षांचं अंतर, पण टिपून ठेवण्याचा उद्योग तोच. फक्त आता मुलीपण करतात. भाचीला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, मावशी ते वेगळं आहे. कसं वेगळं आहे ते तिला सांगता आलं नाही, मग चिडून आंबा खायला गेली.

पुस्तकाच्या थोड्या तक्रारी पण सांगते नाहीतर म्हणाल नुसती आरती ओवाळली. मधला भाग लांबतो. पोरांच्या गप्पा मजेदार आहेत पण त्याच त्या वळणाने तीन-चार वेळा जातात, आणि शाळेतल्या मास्तर-बाईंपैकी काही जण नुसतेच नमुने म्हणून येतात, एक टोपणनाव, एक लकब, झालं. मान्य आहे की मुलं मास्तरांना तसंच बघतात, पण सगळ्याच गोष्टीला ‘मुलं तसंच बघतात’ हे उत्तर चालणार नाही ना, वाचायचं आम्हाला असतं. दुसरं, शिव्या आणि मुलींच्या अंगाबद्दलचं बोलणं आहे. खरं आहे, त्या वयाची पोरं तसंच बोलतात, पण तुम्ही जर सातवीतल्या मुलाच्या हातात देणार असाल तर आधी स्वतः वाचा. नववी-दहावी परफेक्ट. आणि दिलं की मग बसून बोला, नुसतं देऊन मोकळं होऊ नका.

सिनेमाबद्दल लोक विचारतातच म्हणून. २०१२ च्या जानेवारीत आला होता, सुजय डहाकेचा, अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर. मी तेव्हा थेटरात बघितला होता, भाचीला या वेळी घरी दाखवला. सिनेमा चांगला आहे, काळ छान उभा केलाय, पण पुस्तकातला तो जो आतला बडबडा आवाज आहे तो पडद्यावर येत नाही, कसा येणार. एका बाबतीत मात्र सिनेमा पुढे जातो आणि हे भाचीने पकडलं. सिनेमात शिरोडकरला चेहरा आहे. कॅमेरा तिच्यावर थांबला की ती काय विचार करतेय हे तुम्हाला सांगायला जोशी लागत नाही. केतकीचे डोळे बघून भाची म्हणाली, बघ, तिला माहितीये सगळं. आजी म्हणाली होती तेच.

प्रॉडक्ट म्हणून बोलायचं तर मौजचं काम म्हणजे काम आहे. शुद्धलेखनाच्या चुका शोधायला गेलात तर हात हलवत परत याल, टाइप डोळ्यांना बरा, बांधणी मजबूत, आमची नवी कॉपी भाचीने उलटी टाकून, उशीखाली दाबून, एकदा रिक्षात विसरता विसरता वाचवून चार दिवसांत वाचली तरी पान सुटलं नाही. किंमत वसूल आहे. चौकातल्या दुकानांत थोडीफार सूट मिळतेच, न मागता नाही मिळाली तर मागा, पुण्यात लाजून चालत नाही. लायब्ररीतून आणणार असाल तर वेटिंगची तयारी ठेवा, आणि जुन्या कॉपीत समासात लोकांनी काय काय लिहून ठेवलेलं असतं तो वेगळाच आनंद, माझ्या ओळखीतल्या एका वाचनालयाच्या कॉपीत एका पानावर फक्त ‘अरे बोल ना गाढवा’ एवढं पेन्सिलने लिहिलंय आणि खाली दुसऱ्या अक्षरात ‘+१’.

भाची गेल्या रविवारी घरी गेली, दहावी सुरू. पुस्तक नेणार होती पण ते आईने दडवलं. म्हणजे दडवलं असं ती म्हणत नाही, ती म्हणते टेबलावर पसारा होता म्हणून आत ठेवलं. आत म्हणजे तिच्या उशीशी, लाइटच्या बिलाची खूण घालून. काल रात्री साडेअकराला दिवा चालू दिसला म्हणून डोकावले तर चष्मा नाकावर, पुस्तक छातीवर, अर्ध्याच्या थोडं पुढे पोचलेली. मी विचारलं, काय, आवडतंय का शाळकरी पोरांचे चाळे. तर माझ्याकडे न बघता पान उलटून म्हणाली, अगं याला कुणीतरी सांगा, तिला कधीच कळलंय.